मुलांना विचारून लिहिलेली पटकथा

सहकुटुंब पाहण्याजोगा चित्रपट म्हणजे गोडगोड गोष्ट, असा आपला एक समज असतो. अमेरिकन पटकथालेखिका मेलिसा मॅथिसन यांचे काम पाहिले की तो गळून पडतो.

१९५० साली लॉस एंजेलिस येथे जन्मलेल्या मेलिसाबाई तरुणपणी दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोला यांची मुले सांभाळत. पुढे ‘गॉडफादर’च्या दुसऱ्या भागावर मदतनीस म्हणून काम मिळाले आणि कॉलेज मागे पडले. १९७९ च्या ‘द ब्लॅक स्टॅलियन’ची पटकथा त्यांनी आणखी दोघांसह लिहिली. निर्जन बेटावर एक मुलगा आणि एक घोडा. बराच वेळ पडद्यावर संवादच नाही, तरी मैत्री कळते. कवितेत शब्द गाळायला शिकलेल्या माझ्यासारख्याला याचे फार अप्रूप वाटते.

मग स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी त्यांना परग्रहावरच्या पाहुण्याची कल्पना ऐकवली. सुमारे आठ आठवड्यांत ‘ई.टी.’चा पहिला खर्डा तयार झाला. बाईंनी ओळखीच्या मुलांना विचारले होते, या पाहुण्याला काय काय करता यावे? मनातले ओळखता यावे, वगैरे उत्तरे अपेक्षितच होती. पण काही मुले म्हणाली, त्याला दुखणे बरे करता यावे!

१९८२ साली ते पडद्यावर आले. इलियटचे बोट कापते, पाहुण्याचे बोट उजळते, जखम भरते. मात्र वडील घर सोडून गेल्याची त्या घरातली जखम भरत नाही. तिच्यासोबत जगायला एक सोबती मिळतो, इतकेच. लहानपणी ताप आला की अम्मी कपाळावर हात ठेवायची. औषध डॉक्टरांचे असे, गुण हाताचा वाटे. मुलांना हे ठाऊक असते, मोठे विसरतात.

१९८३ च्या ऑस्करमध्ये त्यांना नामांकन होते, पण मूळ पटकथेचे पारितोषिक ‘गांधी’च्या जॉन ब्रायली यांना मिळाले. त्याच ‘गांधी’साठी आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांना जॉन मोलो यांच्यासह वेशभूषेचा ऑस्कर मिळाला. आपण आनंदात होतो, ते योग्यच होते.

पुढे १९९७ मध्ये दलाई लामांच्या बालपणापासून सुरू होणारा ‘कुंदुन’ त्यांनी लिहिला. ४ नोव्हेंबर २०१५ रोजी त्या गेल्या. एक अनाथ मुलगी आणि एक भला राक्षस यांचा ‘द बीएफजी’ त्यांच्या पश्चात, २०१६ मध्ये आला.

मुलांसाठी लिहिणारे आपल्याकडेही पुष्कळ आहेत. लिहिण्याआधी मुलांना विचारणारे किती?