आकर, आगर आणि शिरोड्याचे मीठ

‘मिठागर’ या समासातील उत्तरपदाकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे लक्ष सहसा जात नाही. संस्कृत ‘आकर’ म्हणजे खाण. त्याचे प्राकृतात ‘आगर’ झाले व मराठीने तेच रूप ठेवले. ‘आगार’ या शब्दाकडेही बोट दाखविता येईल. परंतु संस्कृतातील ‘लवणाकर’ हा प्रयोग पाहता पहिलीच व्युत्पत्ती मला ग्राह्य वाटते. कोकणात मात्र माडापोफळींच्या बागेलाही आगर म्हणतात, आणि मीठ तेथे ‘खणत’ नाहीत, ‘पिकवितात’. खाणीचा शब्द असा शेतीकडे सरकला. मीठ हे खनिज मानावे, पीक मानावे की कारखान्याचा माल, हा प्रश्न केवळ कोशकाराचा नव्हे. राजसत्तेचा मिठावरील हक्क त्याच्याशी निगडित आहे.

कौटिल्याने लवणाध्यक्षाची कर्तव्ये खाणींच्या प्रकरणातच सांगितली आहेत. तथापि श्रोत्रिय, तपस्वी व वेठीचे मजूर यांना जेवणापुरते मीठ नेण्याची मोकळीक तेथे आहे. नाशिकच्या लेण्यांतील गौतमीपुत्र सातकर्णीच्या दानलेखात, भिक्षूंना दिलेल्या भूमीच्या सवलतींमध्ये ‘अलोणखादक’ असे पद येते : त्या भूमीत मिठासाठी खणू नये. येथील ‘खादक’ खाण्याचा नसून खणण्याचा आहे. सवलत मुद्दाम कोरावी लागली, त्याअर्थी एरवी खणण्याचा अधिकार राजाकडे होता हे उघड आहे.

इंग्रजी अमदानीत या अधिकाराला निराळेच शब्द मिळाले. १८८२ च्या भारतीय मीठ कायद्याने ‘उत्पादन’ या संज्ञेत मीठ गोळा करणे, हलविणे, इतकेच नव्हे तर आपोआप साचलेला क्षार खणून काढणे यांचाही समावेश केला. हीच व्याख्या पुढे १९४४ च्या अबकारी व मीठ कायद्यात उतरली. मुंबई इलाख्यासाठी १८९० चा स्वतंत्र कायदा होता. शेजारच्या गोव्यातील मिठागरेही १८७८ च्या आंग्ल-पोर्तुगीज करारान्वये ब्रिटिश नियंत्रणाखाली गेली होती. १८९२ मध्ये तो करार संपला.

१२ मे १९३० रोजी शिरोड्यास सत्याग्रह झाला, त्याकडे या दृष्टीने पाहावे. शिरोडे तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते. सत्याग्रहींनी आगरातील मीठ उचलले. मराठीत ‘उचलणे’ आणि ‘पिकविणे’ ही दोन क्रियापदे आहेत. मीठ कायद्याच्या परिभाषेने ती एकाच गुन्ह्यात कोंबली होती. समुद्रकाठच्या माणसाचा खरा आक्षेप या कोंबण्यालाच होता, असे माझे मत आहे. दराचा प्रश्न दुय्यम होय.

५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात मिठाचा कायदा रद्द झाला नाही. मीठ होणाऱ्या भागालगतच्या गावांना घरखर्चासाठी व गावातल्या गावात विक्रीसाठी मीठ गोळा करण्याची वा तयार करण्याची मुभा मात्र मिळाली. बाहेर विकण्यास मनाई राहिली. कौटिल्याचे जेवणापुरते मीठच हे, फक्त तपस्व्याच्या जागी खेडूत आला.

१ एप्रिल १९४७ पासून मीठकर उठला. १९४८ च्या एप्रिलमध्ये सरकारने दहा एकरांपर्यंतच्या आगराला परवान्याची आवश्यकता नसल्याचे ठरविले. तोवर सवलत उपयोगावर ठरे, आता ती क्षेत्रफळावर ठरू लागली. मीठ कोणाच्या ताटात जाते हे विचारण्याचे कारण उरले नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत खाणी व खनिजे ५४ व्या नोंदीत आहेत, मीठ ५८ व्या.