दुसऱ्या गावी जाऊन राहा

चाचाजींच्या आठवणीतली रबव्याची माती पांढुरकी होती. मिठानं फुललेली, अनवाणी चालणाऱ्याच्या टाचा चिरणारी. पाकिस्तानी पंजाबात चिनाबच्या काठी, चिनिओटजवळ, उघड्याबोडक्या टेकड्यांच्या मधली १,०३४ एकर पडीक जमीन अहमदिया जमातीनं सरकारकडून विकत घेतली आणि २० सप्टेंबर १९४८ रोजी तिथं नव्या गावाचा पाया घातला. चाचाजी तेव्हा नऊ वर्षांचे. पाणी खारट, सावलीला झाड नाही. रात्री कोल्हे तंबूंच्या इतके जवळ यायचे, की आई त्यांचा पाय आपल्या ओढणीला बांधून झोपायची.

लंडनच्या दक्षिण भागात मॉर्डनमध्ये त्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एक होती. ते मला ‘बेटी’ म्हणत. त्यांची उर्दू पंजाबी वळणाची, माझी हिंदी कल्याणची. संध्याकाळच्या चहाला तेवढं पुरायचं. त्यांच्या गोष्टी ऐकताना मला आजी आठवायची. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी बराकींत सिंधी निर्वासित आले, तेव्हा ती नवी नवरी होती. दारावर पापड विकायला येणाऱ्या सिंधी बाईला पाण्याचा तांब्या दिल्याबद्दल सासूची बोलणी खाल्ल्याचं ती शेवटपर्यंत सांगायची. त्या छावणीला १९४९ साली उल्हासनगर नाव मिळालं. साधारण त्याच सुमाराला दोन्हीकडे तंबू-बराकींतून गाव उभं राहत होतं. आजीनं पाहिलेली माणसं पुढे नगरसेवक झाली, आमदार झाली. चाचाजींचं गाव मात्र वेगळ्या वाटेनं गेलं.

त्यांचा जन्म कादियानचा. पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांचं हे गाव गुरदासपूर जिल्ह्यात. १८८९ साली त्यांनी अनुयायांकडून पहिली बैअत, म्हणजे निष्ठेची शपथ घेतली. अनुयायी त्यांना मसीहा मानतात. नबुव्वत, म्हणजे प्रेषितपद, पैगंबरांपाशी संपली असं मानणाऱ्या इतर मुसलमानांना हेच मान्य नाही. १९४७ साली कादियान भारतात राहिलं आणि जमात ट्रकच्या काफिल्यांनी लाहोरला निघाली. पवित्र जागांच्या राखणीला ३१३ पुरुष मागं थांबले. त्यांना दरवेश म्हणतात. चाचाजींचे एक मामू त्यांतले. भाऊ पुन्हा दिसावा म्हणून आई अनेक वर्षं व्हिसाचे अर्ज भरत राहिली.

हे सगळं त्यांनी मला सलग कधीच सांगितलं नाही. सलग सांगितलं एका पत्रामुळं.

त्यांच्या चुलत भावाचा नातू फैसलाबादेत कापडाचं दुकान चालवायचा. अहमदींशी व्यवहार करू नका, त्यांना मारणं पुण्याचं, अशी पत्रकं बाजारात वाटली गेली आणि त्यात त्याच्या दुकानाचं नाव होतं. फोनवर धमक्या आल्या. २०११ साली तो ब्रिटनमध्ये आला, असायलमचा अर्ज केला. नकाराच्या पत्रात कारण दिलं होतं: फैसलाबादेत धोका असेल, तर अर्जदार रबव्याला जाऊन राहू शकतो, तिथं बहुसंख्य लोक त्याच्याच पंथाचे आहेत.

निर्वासितांच्या कायद्यात याला अंतर्गत स्थलांतर म्हणतात. परदेशानं आश्रय देण्याआधी विचारायचं, की स्वतःच्या देशात तुला सुरक्षित असा दुसरा कोपरा आहे का, आणि तिथं जाऊन राहण्याची तुझ्याकडून अपेक्षा करणं रास्त आहे का. प्रश्न मुळात गैर नाही. गावच्या सावकाराला किंवा टोळीला घाबरलेला माणूस दुसऱ्या शहरात निभावून नेऊ शकतो. ब्रिटनमध्ये अहमदींपुरतं या प्रश्नाचं उत्तर पूर्वी रबवा असं दिलं जायचं.

चाचाजींनी पत्र भिंगाखाली दोनदा वाचलं. “रबवा तो हमने बसाया, बेटी,” एवढं म्हणाले, आणि मग रात्री उशिरापर्यंत बोलत राहिले.

१९५३ साली लाहोरात अहमदींविरुद्ध दंगली पेटल्या, मार्शल लॉ लागला. चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मुनीर यांच्या आयोगानं उलेमांना विचारलं, मुसलमान कोणाला म्हणायचं? कोणाही दोघांचं उत्तर जुळलं नाही. चाचाजींच्या वडिलांना त्यानंतर वाटू लागलं, की आता हा वाद मिटला. १९७४च्या मे महिन्यात रबव्याच्या रेल्वे स्टेशनवर विद्यार्थ्यांशी मारामारी झाली आणि देशभर वणवा पेटला. चाचाजी तेव्हा सरगोध्यात शाळामास्तर. घर जळलं. बायकोमुलांना घेऊन ते रबव्याला परतले. त्याच वर्षी ७ सप्टेंबरला पाकिस्तानच्या संसदेनं घटनादुरुस्ती करून अहमदींना बिगरमुस्लिम ठरवलं. म्हणजे रबव्याला जाऊन राहण्याचा पत्रातला सल्ला चाचाजींनी सदतीस वर्षं आधीच अमलात आणला होता.

मग २६ एप्रिल १९८४. झिया उल हक यांचा अध्यादेश क्रमांक २०. दंडविधानात कलम २९८-बी आणि २९८-सी आली: अहमदीनं स्वतःला मुसलमान म्हणवलं, प्रार्थनास्थळाला मशीद म्हटलं, अजान दिली, धर्माचा प्रचार केला, तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जमातीचे चौथे खलिफा मिर्झा ताहिर अहमद काही दिवसांतच लंडनला निघून गेले. रबव्यात अजान थांबली. नमाज चुकू नये म्हणून चाचीजी घड्याळाकडे बघत बसत. भिंतींवरच्या कलम्यावर पोलिस रंग फासत आणि चाचाजींचे विद्यार्थी ते बघत उभे राहत. दर डिसेंबरला लाखोंनी भरणारा जलसा सालाना १९८३ नंतर तिथं भरूच दिला नाही.

पत्र लिहिणाऱ्यानं पुढचं तरी पाहायला हवं होतं. १९८९ साली रबव्याच्या सगळ्या अहमदी रहिवाशांवर एकाच वेळी २९८-सीखाली गुन्हा नोंदवला गेला. २००८ साली खिलाफतीची शंभर वर्षं साजरी केली म्हणून पुन्हा तेच. गावाचं नावही बदलून चिनाब नगर केलं. अहमदींची मतदारयादी वेगळी. त्यात नाव घालणं म्हणजे आपण मुसलमान नाही हे कबूल करणं, म्हणून ते मतदान करत नाहीत आणि त्यांनीच वसवलेल्या शहराच्या कारभारात त्यांचा माणूस नसतो. नोबेल मिळवणारे अब्दुस सलाम तिथंच पुरले आहेत. त्यांच्या थडग्यावरचा ‘मुस्लिम’ हा शब्दसुद्धा पुसला गेला. कायदा सगळ्या देशाला लागू असताना त्याच देशातला एक पत्ता सुरक्षित म्हणून पुढं करणं मला आजही अन्यायाचं वाटतं.

२८ मे २०१० रोजी लाहोरच्या मॉडेल टाउन आणि गढी शाहूमधल्या दोन अहमदी मशिदींवर जुम्म्याच्या नमाजाला हल्ला झाला. ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्यानंतर बायकामुलांनी मशिदीत येऊ नये असं जमातीलाच सांगावं लागलं.

वारा फिरला तो २०१२ मध्ये. युरोपीय न्यायालयानं जर्मनीतल्या दोन पाकिस्तानी अहमदींच्या प्रकरणात ५ सप्टेंबरला म्हटलं, की धर्म उघडपणे पाळणं हाही धर्मस्वातंत्र्याचाच भाग आहे, आणि छळ टाळण्यासाठी माणसानं ते सोडावं अशी अपेक्षा धरता येत नाही. त्याच वर्षी ब्रिटनच्या अप्पर ट्रायब्युनलनं नवा मार्गदर्शक निकाल दिला. उघडपणे श्रद्धा जगणं ज्याच्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे, त्याला रबव्याला जा असं साधारणपणे सांगता येणार नाही, कारण कायद्याचा परिणाम देशभर आहे. नातवाचं अपील त्यानंतर ऐकलं गेलं आणि त्याला आश्रय मिळाला. चाचाजींनी गल्लीतल्या प्रत्येक घरी, आमच्या शेजारच्या पोलिश कुटुंबाकडेसुद्धा, जर्द्याची, म्हणजे गोड भाताची, वाटी पाठवली.

मात्र त्या निकालाला दुसरी बाजू आहे. पाकिस्तानात ज्यांनी श्रद्धा चार भिंतींआडच पाळली, त्यांना इथं उघडपणे जगायची खरी इच्छा आहे हे पटवून देणं अवघड जातं. भीतीनं गप्प राहिलेला आणि स्वभावानं गप्प असलेला, यांतला फरक तासा-दोन तासांच्या मुलाखतीत कसा ठरवणार? आपल्याकडेही दार उघडं नाही. भारतानं १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, आणि २०१९च्या नागरिकत्व दुरुस्तीत पाकिस्तानातून येणाऱ्या सहा धर्मांच्या लोकांची नावं आहेत, अहमदींचं नाही. कादियान मात्र आजही भारतातल्या पंजाबात आहे.

चाचाजींच्या धाकट्या बहिणीचा, आपांचा अर्ज याच पेचात सापडला. नवरा गेल्यावर त्या भावाकडे आल्या. “तुम्ही प्रचार करत होतात का?” या प्रश्नाला त्यांनी खरं तेच उत्तर दिलं: नाही. रबव्यातल्या घराच्या मागच्या खोलीत, खिडकी लावून घेऊन, त्या मोहल्ल्यातल्या मुलींना कुराण शिकवायच्या, तेवढंच. वकिलानं सांगितलं, त्या मुलींपैकी एखादीचं सहीचं पत्र मिळालं तर अर्जाला बळ येईल. त्यांतल्या बहुतेक जणी अजून पाकिस्तानातच आहेत. असं पत्र तिथं चुकीच्या हाती पडलं, तर लिहिणारीवरच गुन्हा दाखल होऊ शकतो. आपांनी कुणालाही पत्र मागितलं नाही.