चौथ्या सत्राचा दमसास

अमेरिकेतील विद्यापीठीय फुटबॉलचा इतिहास चाळताना एक गोष्ट आम्हांस वारंवार जाणवते. अटीतटीचे सामने त्या दिवसाच्या पराक्रमाने जितके जिंकले जातात, तितकेच आधीच्या कित्येक महिन्यांच्या मेहनतीने आणि राखीव फळीच्या बळावर. आपल्याकडे फुटबॉल म्हणजे पायांचा खेळ. हा खेळ मात्र चेंडू हातांत घेऊन, अंगावर अंग आदळून खेळला जातो. पंधरा मिनिटांची चार सत्रे असतात, आणि थकव्याची खरी कसोटी लागते ती चौथ्यात.

हे मर्म नोटर डेम या कॅथलिक विद्यापीठाचे प्रशिक्षक न्यूट रॉक्नी यांनी फार पूर्वी ओळखले होते. 1924 च्या हंगामात ते अनेकदा दुय्यम फळीलाच प्रथम मैदानात उतरवीत. प्रतिस्पर्धी काहीसा दमला, की मग मुख्य खेळाडू येत. त्या हंगामातील दहाही सामने नोटर डेमने जिंकले. बदली खेळाडूंवरील निर्बंध त्या काळी कडक होते. 1941 मध्ये ते सैल झाले, 1953 मध्ये पुन्हा आवळले गेले आणि 1965 पासून अदलाबदल मुक्त झाली. आक्रमणाची फळी वेगळी, बचावाची वेगळी, ही रीत रुळली आणि संघाची खोली हेच एक शस्त्र बनले.

शरीराच्या तयारीला शास्त्रशुद्ध रूप येण्यास मात्र वेळ लागला. वजने उचलल्याने खेळाडू जड व मंद होतो, असा प्रशिक्षकांचा दृढ समज होता. 1969 साली नेब्रास्का विद्यापीठाने बॉइड एप्ली यांना केवळ बलवर्धनाच्या कामासाठी नेमले, तेव्हापासून तो समज ढासळू लागला.

त्याच नेब्रास्काचा संघ 1 जानेवारी 1994 रोजी ऑरेंज बोलच्या अंतिम झुंजीत फ्लोरिडा स्टेटकडून 18-16 असा हरला. सामना संपण्यास 1 मिनिट 16 सेकंद उरले असताना आघाडी त्याचीच होती. पुढील उन्हाळी सरावात मैदानावरील घड्याळात तेवढीच वेळ लावून ठेवली जाई. त्या हंगामात मुख्य क्वार्टरबॅक टॉमी फ्रेझियर पायातील रक्ताच्या गुठळ्यांमुळे बाहेर बसला. त्याच्या जागी आलेल्या ब्रूक बेरिंजरलाही फुप्फुसाच्या दुखापतीने ग्रासले, तेव्हा कॅन्सस स्टेटविरुद्ध मॅट टर्मन या शिष्यवृत्तीविना संघात आलेल्या विद्यार्थ्याने सुरुवात केली. तो सामना नेब्रास्काने 17-6 असा जिंकला.

1 जानेवारी 1995 रोजी पुन्हा ऑरेंज बोल आला. प्रतिस्पर्धी मायामी, मैदानही त्यांचेच. चौथ्या सत्राच्या आरंभी मायामी 17-9 असा पुढे होता. वॉरन सॅपसारख्या बलाढ्य खेळाडूंची त्यांची पुढली फळी मात्र आता धापा टाकू लागली होती. नेब्रास्काने मधल्या भागातून धावण्याचा मारा चालूच ठेवला. कोरी श्लेसिंगर या फुलबॅकने दोन टचडाऊन केले, आणि सामना 24-17 असा फिरला. मायामीच्या वेगवान चढाईचाच फायदा घेणारी चाल यामागे होती, हे खरे. परंतु दमलेल्या पायांपुढेच ती अशी फळाला आली. बेरिंजर व परतलेला फ्रेझियर, दोघेही त्या रात्री खेळले.

या मार्गाला एक मर्यादाही आहे, आणि ती ओलांडण्याची किंमत तरुण जिवांनी मोजली आहे. 2018 साली मेरीलँड विद्यापीठाच्या 19 वर्षांच्या एका खेळाडूला सरावात उष्माघात झाला व काही दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. त्याच्यावर वेळीच योग्य उपचार झाले नाहीत, हे विद्यापीठाला मान्य करावे लागले. दमसास वाढविणे म्हणजे शरीराने दिलेला इशारा धुडकावणे नव्हे. विश्रांती, पाणी आणि वेळीच थांबविणारा अधिकारी माणूस हीदेखील तयारीचीच अंगे होत. राखीव फळीचे खरे मोलही येथेच आहे: थकलेल्या गड्याला बाहेर बोलावण्याचे धैर्य प्रशिक्षकाला तीच देते. टर्मनसारखा कोणी तयार असेल, तरच दुखावलेल्याला निश्चिंतपणे बसविता येते. धावफलकावर त्याची नोंद नसली, तरी संघाच्या इतिहासात ती असावी, असे आम्हांस वाटते.