जलविघटन, प्रकाश-उत्प्रेरकी

अर्धसंवाहक पदार्थाच्या अतिसूक्ष्म कणांकरवी सूर्यप्रकाश शोषून घेऊन त्याच्या बळावर पाण्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन या मूलद्रव्यांत विभाजन करण्याची प्रक्रिया. कारखान्यांस लागणारा बहुतेक हायड्रोजन आज नैसर्गिक वायू व कोळसा यांपासून काढतात आणि त्यापायी कार्बन डाय-ऑक्साइड हवेत मिसळतो. येथे मात्र कच्चा माल पाणी, ऊर्जा उन्हाची, आणि हायड्रोजन जाळल्यावर उरते तेही पाणीच, यास्तव हिचे महत्त्व विशेष आहे.

तत्त्व : १८ ग्रॅम पाण्याच्या विघटनास निदान २३७ किलोजूल, म्हणजे दर इलेक्ट्रॉनामागे १.२३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. पुरेशा ऊर्जेचा प्रकाशकण अर्धसंवाहकावर पडला, की त्यातील इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापट्टात जातो व मागे धनभारित पोकळी राहते. इलेक्ट्रॉनाकडून हायड्रोजन, तर पोकळीकडून ऑक्सिजन मुक्त होतो.

इतिहास : अकिरा फुजिशिमा व केनिची होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात टायटॅनियम डाय-ऑक्साइडाच्या विद्युत्‌ अग्रावर प्रकाश पाडताच तेथे ऑक्सिजन व प्लॅटिनमाच्या अग्रावर हायड्रोजन निघाला. तथापि हे संयुग केवळ जंबुपार किरण शोषते, आणि उन्हात त्यांचा वाटा जेमतेम पाच टक्के. दृश्य प्रकाश शोषणारे कॅडमियम सल्फाइड वापरावे, तर तयार झालेल्या पोकळ्या पाण्याऐवजी त्या संयुगासच पोखरतात.

अब्जांशी कणांचे प्रयोजन : विलग झालेले इलेक्ट्रॉन व पोकळी क्षणार्धात पुन्हा एकत्र येऊन मिळालेली ऊर्जा उष्णतेत वाया घालवू पाहतात, हीच या विषयातील मुख्य अडचण होय. कण लहान असला, की दोहोंस पृष्ठभाग जवळ पडतो; शिवाय एक घन सेंटिमीटर पदार्थाचे दहा नॅनोमीटर बाजूचे घन केल्यास एकूण पृष्ठफळ सहा चौरस सेंटिमीटरांवरून ६०० चौरस मीटरांवर जाते. परंतु केवळ सूक्ष्मता पुरत नाही. जपानमधील काझुनारी डोमेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲल्युमिनियममिश्रित स्ट्राँशियम टायटॅनेटाचे असे स्फटिक घडविले, की इलेक्ट्रॉन एका जातीच्या पैलूंकडे व पोकळ्या दुसऱ्या जातीच्या पैलूंकडे वळाव्यात. स्फटिकांवर बसविलेल्या ज्या ऱ्होडियमापाशी हायड्रोजन निघतो, त्याभोवती क्रोमियम ऑक्साइडाचे कवच घालून ऑक्सिजनास तेथे मज्जाव केला, जेणेकरून दोन्ही वायूंचे पुन्हा पाणी होऊ नये. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ३५० ते ३६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या किरणांचा ९६ टक्क्यांपर्यंत उपयोग त्यांस साधला.

सद्यःस्थिती : याच उत्प्रेरकाच्या १०० चौरस मीटर तावदानांवर उघड्या उन्हात अनेक महिने प्रयोग करून, निघालेल्या मिश्र वायूतून पटलाद्वारे हायड्रोजन वेगळा काढण्यात आला (२०२१), मात्र सौर ऊर्जेपैकी अधिकात अधिक ०.७६ टक्केच हायड्रोजनात उतरली, कारण हेही संयुग जंबुपार किरणांपुरतेच मर्यादित आहे. विभक्त झालेले विभक्त राखण्याची जी किमया या अल्प किरणांच्या बाबतीत साधली, तीच उन्हाचा मोठा हिस्सा असलेल्या दृश्य प्रकाशाच्या बाबतीत, टिकाऊ व स्वस्त द्रव्यांनिशी साधण्यावर या प्रक्रियेचे व्यावहारिक भवितव्य अवलंबून आहे.