एका खोलींतील पाळणा

१९२१ सालीं मुंबई शहरांत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागें सुमारें ६६७ अर्भकें वर्षाचीं होण्यापूर्वींच दगावलीं, असा हिशेब निघाला. त्याच सालीं इंग्लंड व वेल्समध्यें हें प्रमाण ८३ होतें. आंकडा भयंकर खरा; परंतु तो नीट वाचल्याखेरीज त्याचा अर्थ हातीं लागत नाहीं.

इंग्लंडची स्थितीहि पूर्वीं फारशी चांगली नव्हती. १८९९ सालीं तेथें हजारीं १६३ मुलें वर्षाच्या आंत मरत होतीं. हडर्सफील्ड या गिरण्यांच्या गांवचे महापौर बेंजामिन ब्रॉडबेंट यांनीं एका वस्तींत आपल्या कारकीर्दींत जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या पहिल्या वाढदिवशीं एक पौंड देण्याचें वचन दिलें. पौंडापेक्षां महत्त्वाचें असें, कीं त्या निमित्तानें जन्माची बातमी वेळेवर कळूं लागली आणि आरोग्यसेविका आईच्या दारीं पोंचली. १९०७ च्या जन्मसूचना कायद्याचें मर्म हेंच होतें.

मुंबईंत नेमकी हीच नोंद लंगडी होती. गिरणगांवांतील पुष्कळ स्त्रिया बाळंतपणासाठीं गांवीं जात. जन्म तेथें होई आणि मूल घेऊन आई चाळींत परते. पुढें तें दगावलें, तर मृत्यू मात्र मुंबईच्या खातीं पडे. मृत्यूंची संख्या पुरी आणि जन्मांची अपुरी, म्हणून प्रमाण फुगे.

तथापि एवढ्यानें समाधान मानण्यासारखी स्थिति नव्हती. त्याच वर्षीं घरांच्या खोल्यांप्रमाणें केलेली वर्गवारी पाहावी. एका खोलींत राहणाऱ्या कुटुंबांत हजारीं ८२८, दोन खोल्यांत ३२२, तीन खोल्यांत १९१ आणि चार वा अधिक खोल्यांत १३३ असें प्रमाण आढळलें. नोंदीचा दोष एका खोलीच्या आंकड्यांत सर्वांत अधिक असणार, हें मान्य केलें, तरी दोन व चार खोल्यांमधील अंतर कशानें भरून निघणार? चुलीचा धूर, ओल, सामाईक नळ आणि कोंदट हवा यांचा भार प्रथम तान्ह्या जिवावर पडत होता.

दुसरें कारण आईच्या कामाचें. सरकारनें नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनीं कामकरी स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी केली. तिचा अहवाल १९२२ सालीं प्रसिद्ध झाला. गिरणींत जाणाऱ्या बहुतेक आया मुलांना अफू देत, असें त्यांत दिसून आलें. बाळगोळी दिली कीं मूल दिवसभर निजे. हा केवळ अज्ञानाचा प्रकार म्हणतां येत नाहीं. मूल सांभाळावयास कोणी नाहीं आणि घरीं राहावें तर मजुरी बुडते, अशा पेंचांतून निघालेला तो उपाय होता. त्यानें मूल गप्प राही, पण त्याची भूक मरे.

म्हणून उपाय आईच्या विश्रांतीपासून सुरू व्हावयास हवा होता. ना. म. जोशी यांनीं १९२४ सालीं मध्यवर्ती विधिमंडळांत प्रसूति-साह्याचें विधेयक मांडलें. तें मंजूर झालें नाहीं. १९२८ सालीं मुंबई विधिमंडळांत अशाच विधेयकाचा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं जोरदार पुरस्कार केला. प्रसूतीच्या आगेमागें आईला विश्रांति मिळणें राष्ट्राच्या हिताचें आहे, म्हणून तिचा खर्च मुख्यतः सरकारनें सोसावा, असें त्यांचें म्हणणें होतें. १९२९ सालीं कायदा झाला. परळला नवरोजी वाडिया प्रसूतिगृह १९२६ सालीं आणि मुलांचें इस्पितळ १९२९ सालीं उभें राहिलें होतें.

पुढें हें चित्र पालटलें. २०२० सालीं महाराष्ट्राचें प्रमाण हजारीं १६ वर आलें. तरी जुना प्रश्न नव्या ठिकाणीं भेटतो. धाराशिव व बीड जिल्ह्यांतून ऊसतोडणीस जाणारीं जोडपीं उचल घेऊन महिनेच्या महिने फडाजवळच्या कोपींत राहतात. तेथील गरोदर बाईनें काम थांबविलें, तर त्या दिवसाची मजुरी कोणीं द्यावयाची? १९२९ च्या कायद्यानें हा प्रश्न गिरणीपुरता सोडविला. फडावर तो अजून उभा आहे. अर्भकाचें आयुष्य किती, हें आईचा निवारा आणि तिची विश्रांति यांवरच ठरत आलें आहे.