पुढच्या खोलीतली खाणावळ

आज एका परक्या शब्दाची गोष्ट सांगते. शब्द आहे ‘एस्तामिने’. शब्द नवा असला, तरी ते घर तुम्हाला ओळखीचं वाटेल.

फ्रान्सच्या उत्तरेला, बेल्जियमच्या सीमेलगत सपाट, पावसाळी मुलूख आहे. तिथल्या खेड्यांत कितीतरी घरांची पुढची खोली हेच दुकान असायचं. चार बाकं, एक शेगडी, बिअरचं पिंप आणि तंबाखू ओढायची मोकळीक. शेतमजूर, खाणकामगार संध्याकाळी येऊन टेकायचे. हेच एस्तामिने. शब्दाच्या मुळाबद्दल जाणकारांचं एकमत नाही. काही जण शेजारच्या वालून भाषेकडे बोट दाखवतात. तिथे गव्हाणीपाशी गाय बांधायच्या खुंट्याला मिळताजुळता शब्द आहे. मला तरी हे मूळ आवडतं. आल्यागेल्याला गोठ्याच्या कडेला बसवणं आपल्यालाही कुठे नवं आहे?

इंग्रजीत हा शब्द १८१४ च्या सुमारास आला, पण तो साध्या माणसांच्या तोंडी बसला शंभर वर्षांनी, पहिल्या महायुद्धात.

ऑगस्ट १९१४ मध्ये लढाई पेटली. गावोगावचे कर्ते पुरुष फ्रेंच सैन्यात गेले. घरी राहिल्या सासू, सून, पोरी आणि म्हातारे. त्याच गावांत ब्रिटिश फौज येऊन उतरली. काही दिवस खंदकात, मग काही दिवस मागच्या गावात विसावा, असा सैनिकांचा फेरा. साध्या शिपायाला पगार दिवसाला एक शिलिंग. फौजेचं जेवण म्हणजे डब्यातलं मांस आणि दगडासारखी बिस्किटं. त्या पोरांना काय हवं असेल, हे घरातल्या बाईनं बरोबर ओळखलं. खुराड्यातली अंडी, शेतातला बटाटा, चूल आपलीच. तळलेली अंडी आणि बटाट्याचे तळलेले काप, सोबत कॉफी, बिअर नाहीतर स्वस्त पांढरी वाइन. भांडवल म्हणाल तर कढई आणि हात!

फौजेचे नियम कडक होते. दारू विकायच्या वेळा ठरलेल्या, आणि सैनिकांना कडक दारू विकायला बंदी. शिवाय कितीतरी गावं तोफांच्या टप्प्यात. सामान संपलं की बाई म्हणायची, ‘आता उरलं नाही.’ ते फ्रेंच वाक्य गोऱ्या सैनिकांना धड म्हणता येईना. त्यांनी त्याचं ‘नापू’ केलं. मग भाकरी संपली तरी नापू, आणि सोबती मेला तरी नापू.

बाया भाव जास्त लावतात, बिअरमध्ये पाणी घालतात, अशी कुरकूर सैनिकांनी पुष्कळ केली. काही ठिकाणी खरंही असेल. पण लढाईत सरपणापासून सगळंच महागलेलं, आणि घर उद्या उभं असेल की नाही याचा भरवसा नाही. ती बाजूही धरायला हवी.

त्या मुलखात आपली माणसंही होती. १९१४ च्या शरद ऋतूत हिंदी फौज फ्रान्सला पोचली. तिच्यात पुण्याजवळच्या खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या दोन कंपन्या होत्या, आणि त्यांत मराठी जवानही होते. २८ ऑक्टोबर १९१४ ला नव शापेल गावाच्या लढाईत त्या कंपन्यांची फार मोठी हानी झाली. हिंदी शिपायांनी फ्रेंच बायकांमध्ये मिसळू नये म्हणून साहेब लोक डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवत. तरी शिपायांच्या पत्रांत, ज्यांच्या घरी मुक्काम पडला त्या फ्रेंच म्हाताऱ्यांनी आईसारखी माया केली, असे उल्लेख येतात. लष्करी तपासनिसांनी त्या पत्रांचे उतारे काढून ठेवले, म्हणून ते आज वाचायला मिळतात.

आता पैशाचं. बाईनं कमावलेले पैसे कोणाचे? फ्रान्समध्ये १९०७ च्या कायद्यानं लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या कमाईवर हक्क मिळाला होता. म्हणजे लढाईच्या आधी जेमतेम सात वर्षं. पण नवऱ्याच्या परवानगीवाचून नोकरीधंदा करायला आणि स्वतःच्या नावानं बँकेत खातं उघडायला १९६५ साल उजाडलं. मताचा हक्क १९४४ मध्ये मिळाला आणि पहिलं मत १९४५ मध्ये पडलं. म्हणजे १९१६ साली रोज शे-दोनशे माणसांचा हिशेब तोंडपाठ ठेवणारी बाई कायद्याच्या कागदावर नवऱ्याच्या आडोशालाच उभी. बचत गटातल्या बायांना हे जास्त समजावून सांगायला नको.

लढाई संपली, सैनिक घरी गेले, सोबत शब्दही घेऊन गेले. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकांत तो पानोपानी येतो. ती पिढी गेली तसा तो इंग्रजीतून मागे पडला. नव शापेलला १९२७ मध्ये हिंदी सैनिकांचं स्मारक उभं राहिलं. त्यावर ४,७०० हून जास्त नावं कोरलेली आहेत. आसपासच्या गावांत आजही एस्तामिनेच्या पाट्या दिसतात. आत जुने लाकडी खेळ मांडलेले असतात, बिअरमध्ये शिजवलेलं मांस मिळतं, आणि तळलेले बटाटे तर मिळतातच.