सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचा फुटबॉल संघ (१९५१)

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील जेझुइट पंथीय सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल खेळणारा संघ. तो ‘डॉन्स’ या नावाने ओळखला जाई. प्रशिक्षक जो कुहॅरिच यांच्या मार्गदर्शनाखाली १९५१ च्या हंगामात त्याने आपले सर्व ९ सामने जिंकले. संघातील ऑली मॅट्सन याने चेंडू घेऊन १,५६६ यार्ड धाव घेतली व देशात अग्रस्थान मिळविले. मॅट्सन व बर्ल टोलर हे दोघे कृष्णवर्णीय होते.

हंगामाच्या अखेरीस निवडक संघांना ‘बाउल’ सामन्यांची निमंत्रणे मिळत. आर्थिक अडचणीतील या संघाला त्यांपासून मिळणाऱ्या उत्पन्नाची निकड होती. तथापि दक्षिणेकडील राज्यांत वर्णभेद रूढ असल्याने, या दोघांना वगळल्यास निमंत्रण मिळू शकेल, असे सुचविण्यात आले. श्वेतवर्णीय सहकाऱ्यांसह संपूर्ण संघाने ही अट धुडकावली. परिणामी निमंत्रण आले नाही आणि हंगामानंतर विद्यापीठाने खर्च न पेलल्यामुळे संघ बंद केला.

मॅट्सनने १९५२ च्या हेल्सिंकी ऑलिंपिकमध्ये धावण्याच्या शर्यतींत एक रौप्य व एक कांस्य पदक मिळविले. टोलर १९६५ मध्ये राष्ट्रीय व्यावसायिक फुटबॉल लीगमधील पहिला कृष्णवर्णीय पंच झाला. संघाचा प्रसिद्धिप्रमुख पीट रोझेल १९६० मध्ये त्याच लीगचा आयुक्त झाला. मॅट्सन, जीनो मार्चेटी व बॉब सेंट क्लेअर यांना व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मानदालनात स्थान लाभले. या संघाचे क्रीडेतिहासातील महत्त्व मात्र विजयांइतकेच त्या नकारातही आहे.